'प्रगत नेटवर्क राउटिंग' अभ्यासक्रम : दिखाऊ लॅब, चुकीची उत्तरसूची आणि शुल्क परताव्याची मागणी

दिनांक : १२ मार्च २०२५

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
प्रशिक्षण विभाग (संगणक नेटवर्किंग),
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात दिलेल्या आश्वासनांनुसार लॅब उपलब्ध न करणे व चुकीच्या उत्तरसूचीवरून गुण कापणे याबाबत तक्रार

महोदय / महोदया,

मी पुण्यातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला शिकते. महाविद्यालयाशी झालेल्या करारानुसार या सत्रातील 'प्रगत नेटवर्क राउटिंग' हा वैकल्पिक विषय आपली कंपनी शिकवते, त्याचे अंतर्गत गुणही आपणच देता, आणि त्याचे शुल्क आम्ही विद्यार्थी थेट आपल्या खात्यात भरतो. मी ₹३६,००० शुल्क व त्यावर १८ टक्के दराने ₹६,४८० वस्तू व सेवा कर असे एकूण ₹४२,४८० भरले असून पावतीची प्रत सोबत जोडली आहे. या रकमेच्या मोबदल्यात जे देऊ असे आपण छापले होते ते मिळाले नाही, आणि जे मिळाले त्यातला काही भाग चक्क चुकीचा आहे, अशी माझी तक्रार आहे.

आपल्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर 'प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष राउटरवर चोवीस तास प्रवेश' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. हा विषय निवडण्याचे माझे आणि माझ्या बहुतेक वर्गमित्रांचे कारण हे एक वाक्यच होते. राउटिंगची, म्हणजे राउटर माहितीचा मार्ग कसा ठरवतात याची, पुस्तकी माहिती आज कोणालाही फुकट मिळते. एका संस्थेच्या नेटवर्कमध्ये मार्ग शोधणाऱ्या ओएसपीएफ या प्रोटोकॉलच्या (राउटरांनी आपसांत बोलण्याच्या नियमांच्या) दुसऱ्या आवृत्तीचे मानक, म्हणजे एप्रिल १९९८ चे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा जाहीर दस्तऐवज) २३२८, आणि वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्क एकमेकांशी जोडणाऱ्या बीजीपी-४ चे जानेवारी २००६ चे आरएफसी ४२७१ हे दोन्ही दस्तऐवज कोणीही उघडून वाचू शकतो. पैसे मोजायचे ते मोडता येईल अशा यंत्रणेसाठी, आणि ती का मोडली हे शेजारी उभे राहून समजावणाऱ्या माणसासाठी. शेजारी राउटरशी नाते जुळताना ते कोणत्या टप्प्यावर अडकते, दुवा तुटल्यावर नवा मार्ग सापडायला किती वेळ जातो, एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला कशी दिसते, या गोष्टी वाचून कळत नाहीत.

प्रत्यक्षात आम्हाला ब्राउझरमध्ये उघडणारे एक पान देण्यात आले. पान दिसायला राउटरच्या काळ्या पडद्यासारखे आहे, परंतु त्यामागे राउटर नाही, आणि राउटरसारखे वागणारे सॉफ्टवेअरही नाही. हा केवळ माझा संशय नसून पडताळून पाहता येईल अशी बाब आहे, म्हणून थोड्या तपशिलाने लिहिते. ओएसपीएफच्या चौथ्या प्रात्यक्षिकात शेजाऱ्यांची यादी मागवणारी कमांड दिली, की तिसऱ्या राउटरची ओळख ३.३.३.३ अशी येते. मी त्या राउटरची ओळख बदलून १०.०.०.३ केली, प्रक्रिया नव्याने सुरू केली, तरीही यादीत ३.३.३.३ कायम राहिले. त्याच यादीतील 'डेड टाइम' (शेजारी गेला असे समजायला उरलेला वेळ) या स्तंभात ००:००:३७ असा आकडा असतो. खऱ्या राउटरवर हा आकडा दर सेकंदाला कमी होत जातो आणि दर १० सेकंदांनी येणारा हॅलो संदेश मिळाला की पुन्हा ४० वर जातो. तेथे सतत हालचाल दिसते. आपल्या पानावर तो दुपारी ३७ असतो आणि रात्री झोपतानाही ३७ च असतो. मी एका राउटरचा इंटरफेस पॅसिव्ह केला, म्हणजे त्यावरून हॅलो जाणेच बंद व्हायला हवे आणि पलीकडच्या राउटरने ४० सेकंदांनंतर हा शेजारी गेला असे समजायला हवे, तरीही पलीकडे शेजारी 'फुल', म्हणजे पूर्ण जुळलेल्या, अवस्थेत दिसत राहिला आणि घड्याळ ३७ वरच थांबलेले होते. पडद्यावरील मजकूर आधीच लिहून ठेवलेला आहे, हे यावरून कोणाच्याही लक्षात येईल. अशा पानावर दोषशोधन शिकवणे म्हणजे चित्रातल्या विहिरीतून पाणी शेंदायला लावण्यासारखे आहे.

पाचव्या प्रात्यक्षिकाचे नावच 'ओएसपीएफ दोषशोधन' असे असल्याने तेथे ही उणीव अधिकच खटकते. दुव्याच्या दोन टोकांना एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटचा (माहितीच्या तुकड्याचा) कमाल आकार, वेगवेगळा असणे हा या विषयातील नेहमीचा दोष आहे. एका बाजूला १५०० आणि दुसऱ्या बाजूला १४०० असेल, तर दोन्ही राउटर एकमेकांना ओळखतात, पण माहितीच्या देवाणघेवाणीला सुरुवात होताच 'एक्सस्टार्ट' किंवा 'एक्स्चेंज' या अवस्थेत अडकून बसतात, आणि नवख्या माणसाला कारण सापडत नाही, कारण पिंग (पलीकडचे यंत्र उत्तर देते का ही साधी चाचणी) व्यवस्थित चालू असते. आपल्या पानाने एमटीयू बदलण्याची कमांड निमूटपणे स्वीकारली आणि शेजारी 'फुल' असल्याचेच दाखवले. यातून विद्यार्थी शिकतो तो असा की एमटीयू जुळला नाही तरी काही बिघडत नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हा समज घेऊन कोणी खऱ्या नेटवर्कवर बसला, तर त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतील हे मी सांगण्याची गरज नाही.

याबाबत हेल्पडेस्ककडे तक्रार केली असता आधी 'ब्राउझरची कॅशे साफ करा' असे उत्तर आले, नंतर 'आपल्या इंटरनेटचा वेग तपासा' असे आले, आणि शेवटी 'लॅब हे अध्ययनपूरक अनुकृती वातावरण असून सर्व कमांडचा परिणाम त्यात दिसेलच असे नाही' अशी कबुली मिळाली. ही कबुली माहितीपत्रकात असती तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. येथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्या प्रतिनिधींनी फोनवर माझे म्हणणे 'लोखंडी राउटरचा हट्ट' असे ठरवून टाकले होते. माझा तसा हट्ट नाही. क्वागा या राउटिंग सॉफ्टवेअरपासून २०१७ मध्ये वेगळा झालेला एफआरराउटिंग हा मुक्त प्रकल्प साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि त्यात राउटर आभासी असले तरी प्रोटोकॉल खरा असतो. मी त्यावर चार राउटरची जोडणी उभी केली, एमटीयू मुद्दाम विषम ठेवला आणि शेजारी अपेक्षेप्रमाणे अडकलेला पाहिला. जे एका विद्यार्थिनीला वसतिगृहातल्या टेबलावर विनामूल्य करता येते, ते ₹३६,००० घेणाऱ्या कंपनीला का करता येऊ नये, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

लॅबमधील तपासणीही यंत्राकडूनच होते, आणि ती फक्त टंकलेली अक्षरे जुळवून पाहते. कमांडचा संक्षेप खरा राउटर सहज स्वीकारतो आणि काम करणारे सर्वच अभियंते तो वापरतात, परंतु आपल्या यंत्राच्या लेखी संक्षेप म्हणजे चूक, शून्य गुण.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. मध्यावधी चाचणीतील एका प्रश्नात २०३.०.११३.१३० या पत्त्याकडे जाणारे पॅकेट दिले होते. (हा पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे; प्रश्न काढणाऱ्याने एवढी काळजी घेतली होती याची नोंद घेणे योग्य होईल.) राउटरच्या तक्त्यात दोन नोंदी, म्हणजे पत्त्यांचे दोन गट (प्रिफिक्स), होत्या : २०३.०.११३.०/२४ ही ओएसपीएफकडून आलेली आणि २०३.०.११३.१२८/२५ ही रिप या दुसऱ्या प्रोटोकॉलकडून आलेली. तिरक्या रेषेपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत ते, म्हणजेच प्रिफिक्सची लांबी. पॅकेट कोणत्या मार्गाने जाईल, असा प्रश्न होता. आपल्या उत्तरसूचीनुसार ते ओएसपीएफच्या मार्गाने जाते, कारण ओएसपीएफचे प्रशासकीय अंतर (मार्ग कोणाकडून कळला त्यावरील विश्वासाचा आकडा; कमी तो चांगला) ११० व रिपचे १२० आहे. हे उत्तर चुकीचे आहे. प्रशासकीय अंतराची तुलना एकच प्रिफिक्स दोन स्रोतांकडून आला असेल तेव्हा, म्हणजे तक्त्यात कोणती नोंद बसवायची हे ठरवताना होते. येथे प्रिफिक्स दोन आहेत, दोन्ही तक्त्यात बसले आहेत, आणि पॅकेट पुढे पाठवताना सर्वात लांब जुळणारा प्रिफिक्सच निवडला जातो. आयपी राउटरकडून काय अपेक्षित आहे हे सांगणाऱ्या जून १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्येही हाच नियम आहे. म्हणून पॅकेट /२५ च्या, म्हणजे रिपच्या मार्गानेच जाईल.

हा नियम किरकोळ नाही, आणि गंमत अशी की आपल्याच बीजीपीच्या स्लाइडमध्ये त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दिलेले आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत यूट्यूब रोखण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा मार्ग तयार केला, तो त्यांच्या सेवापुरवठादारामार्फत जगभर पसरला, आणि यूट्यूबची स्वतःची २०८.६५.१५२.०/२२ ही घोषणा (हे पत्ते आमच्याकडे आहेत असा बीजीपीतील संदेश) जागेवर असतानाही त्या पत्त्यांकडे जाणारी वाहतूक पाकिस्तानकडे वळली, कारण /२४ हा /२२ पेक्षा लांब आहे. सुमारे सव्वादोन तास हा गोंधळ चालला, आणि त्यावर उतारा म्हणून यूट्यूबने आधी /२४ आणि मग दोन /२५ जाहीर केले, तेही याच नियमाच्या आधारावर. वर्गात ही घटना सांगायची आणि चाचणीत तिच्या विरुद्ध उत्तर बरोबर धरायचे, हे एकाच अभ्यासक्रमात कसे बसते? मी हे सर्व लेखी कळवल्यावर 'उत्तरसूची अंतिम असून तीत बदल होत नाही' असे एका ओळीचे उत्तर आले. हे गुण आमच्या महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेत जातात. शिवाय ज्यांनी चुकीचे उत्तर लिहिले त्यांना गुण मिळाले असून आपण बरोबर आहोत असेच ते समजून चालले आहेत, ही बाब मला माझ्या कापलेल्या गुणांपेक्षा जास्त चिंताजनक वाटते.

अभ्यासक्रमाच्या वेळेच्या वाटणीबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे नेटवर्क सुमारे सहा तास जगापासून तुटले होते, त्यांच्या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरकडे जाणाऱ्या बीजीपी घोषणा मागे घेतल्या गेल्या होत्या, ही घटना आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे आणि 'असे प्रसंग हाताळणारे अभियंते आम्ही घडवतो' असे त्याखाली लिहिले आहे. मात्र घोषणा मागे घेतल्यावर शेजाऱ्यांच्या तक्त्यात काय घडते हे दाखवणारे प्रात्यक्षिक 'वेळेअभावी' रद्द झाले. आरपीकेआय (बीजीपी घोषणा करणाऱ्याला तो अधिकार आहे का हे स्वाक्षरीवरून तपासण्याची व्यवस्था) या भागात विद्यार्थी स्वतः आरओए तयार करतील असे छापले होते. त्याऐवजी जुने रेकॉर्डिंग दाखवण्यात आले. आज सेवापुरवठादारांकडे नोकरीला जाणाऱ्याला आरओए म्हणजे काय, म्हणजे अमुक प्रिफिक्स जाहीर करण्याचा अधिकार अमुक स्वायत्त प्रणालीला (एका संस्थेच्या नेटवर्कला) आहे असे स्वाक्षरीबद्ध पत्र, हे माहीत असावेच लागते. याउलट ईआयजीआरपी या संस्थेच्या आतल्या राउटिंगच्या प्रोटोकॉलला आठवड्यामागून आठवडे दिले गेले. तो प्रोटोकॉल टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही, परंतु इंटरनेट ज्यावर चालते त्या बीजीपीच्या वाट्याचा वेळ त्याने खावा हे समर्थनीय नाही. आम्हाला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. बीजीपीच्या मार्गनिवडीतील लोकल प्रेफरन्सचे (कोणता मार्ग आधी पसंत करायचा हे सांगणाऱ्या आकड्याचे) स्थान त्यांनी फळ्यावर इतके नीट उलगडले की ते विसरणे शक्य नाही. लॅब आणि उत्तरसूची त्यांच्या हातात नव्हती, हे त्यांनीच आम्हाला सांगितले.

माझ्या आधीच्या ईमेलला दिलेल्या उत्तरात आपण 'आमची संस्था शैक्षणिक असल्याने ग्राहक कायदा लागू होत नाही' असा पवित्रा घेतला आहे. कायद्याने मान्य केलेली पदवी देणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या शिक्षणावर वस्तू व सेवा कर लागत नाही. आपण मात्र माझ्याकडून १८ टक्के कर घेतला आहे, म्हणजे सरकारदरबारी आपण स्वतःला व्यावसायिक प्रशिक्षण देणारी कंपनी म्हणवता. कर घेताना व्यवसाय आणि तक्रार आली की शिक्षणसंस्था, अशा दोन भूमिका एकाच पावतीवर घेता येणार नाहीत. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जानेवारी २०२० च्या निर्णयात शैक्षणिक संस्थांना कायद्याबाहेर ठेवतानाही कोचिंग केंद्रांना कायद्याच्या कक्षेतच ठेवले होते, याकडे आपले लक्ष वेधते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जे नाही ते आहे असे छापणे ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे, आणि सदोष सेवेचे पैसे पावतीवर मुदत नसल्यास तीस दिवसांच्या आत परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' ही आपल्या अर्जातील अट या तरतुदींवर मात करू शकत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. उत्तरसूचीतील उपरोक्त प्रश्नाचे उत्तर दुरुस्त करून माझेच नव्हे तर संपूर्ण वर्गाचे गुण नव्याने मोजावेत आणि सुधारित गुण सत्र संपण्यापूर्वी महाविद्यालयाला कळवावेत. उरलेल्या प्रात्यक्षिकांसाठी ज्यात प्रोटोकॉल खरोखर चालतात अशी लॅब, आभासी असली तरी चालेल, उपलब्ध करावी व रद्द झालेली बीजीपी आणि आरपीकेआयची प्रात्यक्षिके घ्यावीत. हे शक्य नसेल तर शुल्काच्या निम्मी रक्कम, म्हणजे ₹१८,०००, आणि त्या प्रमाणातील कर तीस दिवसांच्या आत परत करावा. माहितीपत्रकात आपणच प्रात्यक्षिकांचे प्रमाण पन्नास टक्के दिले असल्याने ही रक्कम मी माझ्या मनाने ठरवलेली नाही. पुढील वर्षाच्या प्रवेशांसाठी छापलेल्या माहितीपत्रकातून 'प्रत्यक्ष राउटर' हे शब्द काढावेत किंवा ते खरे करून दाखवावेत.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करणार आहे. सोबत शुल्काची पावती, माहितीपत्रकाची प्रत, लॅबमधील 'डेड टाइम' दाखवणारे वेगवेगळ्या वेळी घेतलेले स्क्रीनशॉट, चाचणीतील प्रश्नाची प्रत आणि हेल्पडेस्कशी झालेला पत्रव्यवहार जोडला आहे. स्क्रीनशॉटवरील संगणकाची वेळ आणि स्तंभातील ३७ हा आकडा कृपया एकत्र पाहावा.

कळावे,

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
विद्यार्थिनी, अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी, पुणे

प्रत माहितीसाठी : मा. प्राचार्य व मा. विभागप्रमुख, संगणक अभियांत्रिकी विभाग