सूचना : रविवारी सातबारा घेऊन या

सभासदहो, जमीन किंवा फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच पैसे घालू पाहणाऱ्यांसाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक आहे.

येताना गावाकडच्या कुठल्याही जमिनीचा सातबारा आणा. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर फुकट बघायला मिळतो. तोच वाचायला शिकायचंय. आधी भोगवटादार (जमीन धारण करणारा) वर्ग १ चा, म्हणजे विकायला मोकळा, की वर्ग २ चा, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारा, ते पाहायचं, मग 'इतर हक्क' हा रकाना. मी पहिल्या प्लॉटचं टोकन देऊन मोकळा झालो आणि त्या रकान्यातला कर्जाचा बोजा नंतर दिसला. टोकन अजून 'पुढच्या आठवड्यात' परत मिळतंय!

शेतकरी नसाल तर स्वस्त शेतजमिनीच्या जाहिरातींना भुलू नका. महाराष्ट्रात ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही.

फ्लॅटवाल्यांनी प्रकल्पाचा महारेरा क्रमांक (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक) महारेराच्या वेबसाइटवर तपासूनच यावं. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, मग ऑफर कितीही 'आजच्यापुरती' असो. भाव कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, विचारायचा.

चहा आहे. एजंट मंडळींनी कार्डं घरी ठेवून यावं.