नाव एक, माणसे अनेक

मुंबईचे दानशूर पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याविषयी लिहिताना दोन चुका हमखास होतात. पहिली, त्यांना ‘लॉर्ड’ म्हणणे. १८४२ मध्ये त्यांना मिळालेला नाइटचा किताब त्यांच्यापुरताच होता. १८५७ मध्ये मिळालेली बॅरोनेटसी वंशपरंपरागत, सहसा थोरल्या मुलाकडे जाणारी. पण बॅरोनेट हा उमराव नव्हे. तो ‘सर’च राहतो आणि त्या किताबावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळत नाही.

दुसरी चूक अधिक घातक: एका सर जमशेटजींना दुसरेच सर जमशेटजी समजणे. १८६० च्या कायद्याने प्रत्येक वारसाने किताबासोबत जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घेणे बंधनकारक झाले. त्यामुळे मूळ पुरुष १८५९ मध्ये वारल्यावर वारस झालेले त्यांचे थोरले पुत्र खर्सेटजी ‘सर जमशेटजी’ झाले. १८७७ मध्ये माणेकजी. आणि १८९८ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ कावसजी. म्हणजे दोन सख्खे भाऊ लागोपाठ एकाच नावाचे! १८८० च्या कागदावरचे ‘सर जमशेटजी’ पहिल्यांच्या खात्यावर टाकले, की मेलेला माणूस सभेचा अध्यक्ष होतो.

पेटिट घराण्यातही हीच रीत. महंमद अली जीनांच्या पत्नी रतनबाई यांचे वडील सर दिनशॉ पेटिट हे दुसरे बॅरोनेट. गिरण्यांमुळे नावारूपाला आलेले पहिले सर दिनशॉ या दुसऱ्यांचे आजोबा, १९०१ मध्ये वारलेले. तेव्हा नावापुढे ‘पहिले’, ‘दुसरे’ लिहावे आणि कागदाचे साल मृत्यूच्या सालाशी ताडून पाहावे. जुन्या देणग्यांच्या पाट्या लावणाऱ्यांनी तर नक्कीच.

– एक वाचक, मुंबई