आधी डेटा बघ

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

कृत्रिम बुद्धिमत्तेत मास्टर्सला तुला प्रवेश मिळाला, याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर तुला कळलंच असेल. शेवटी तू विचारलंस, "आई, कोर्स सुरू व्हायच्या आधी काय वाचून ठेवू?" त्याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. पुस्तकांची यादी विद्यापीठ देईलच. मला सांगायचंय ते त्या यादीत नसेल, किंवा असलंच तर एखाद्या तासात उरकलं जाईल. हातात आलेला डेटा कुठून आला, कोणी गोळा केला, कशासाठी केला आणि त्यात कोण राहून गेलं, हे मॉडेलला (डेटावरून शिकून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला) हात लावण्याआधी बघायची सवय तुला लागावी, एवढंच माझं मागणं आहे.

माझी सगळी नोकरी सर्वेक्षणांच्या आकडेवारीत गेली. त्यामुळे मला हे पुस्तकाबाहेर दिसलं. वयाचा साधा रकाना घे. जन्माच्या नोंदी पक्क्या नसतात तिथे लोकांना विचारून वय लिहिलं, की 30, 35, 40 वर्षांची माणसं भरमसाट निघतात आणि 31 किंवा 39 वर्षांची फारच थोडी. त्या वयाची माणसं खरंच जास्त असतात असं नाही. अंदाजाने सांगताना 0 किंवा 5 वर संपणारा आकडा चटकन तोंडात येतो, इतकंच. लोकसंख्याशास्त्रात हा दोष मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. हाच रकाना तू न्यूरल नेटवर्कला, म्हणजे छोट्या गणिती घटकांच्या थरांतून शिकणाऱ्या मॉडेलला, दिलास, तर ते ही गर्दी खरी धरूनच शिकेल. उत्तर देणारा अंदाजाने बोलला आणि लिहिणारा घाईत होता, हे त्या रकान्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते माणसालाच शोधावं लागतं.

पहिल्याच सत्रात तुला बहुधा हाताने लिहिलेले अंक ओळखायचा सराव देतील. एमनिस्ट नावाचा डेटासेट: 28 बाय 28 पिक्सेलची चित्रं, 60,000 ट्रेनिंगसाठी, म्हणजे मॉडेलला शिकवण्यासाठी, आणि 10,000 चाचणीसाठी. चार ओळींचा कोड लिहिला की 98 टक्के अचूकता येते आणि वर्ग पुढे सरकतो. तू मात्र तिथे थोडी थांब, कारण या डेटासेटच्या जन्माची कथा अख्ख्या विषयाचा पाया आहे. मूळ अंक अमेरिकेच्या मानक संस्थेने गोळा केले होते. ट्रेनिंगचे अंक जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेले होते आणि चाचणीचे शाळकरी विद्यार्थ्यांनी. कर्मचाऱ्यांचं अक्षर स्वच्छ, मुलांचं वेडंवाकडं. म्हणजे एका प्रकारच्या माणसांवर शिकायचं आणि दुसऱ्याच प्रकारच्या माणसांवर परीक्षा द्यायची. यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गट मिसळले, ट्रेनिंगमध्ये अर्धे-अर्धे आणि चाचणीतही अर्धे-अर्धे. शिवाय ज्याचं अक्षर ट्रेनिंगमध्ये आहे त्याचं चाचणीत येणार नाही, याची काळजी घेतली. हा सगळा विचार मॉडेल बनवण्याआधीचा आहे. तो नसता, तर पुढच्या कित्येक वर्षांच्या तुलना फसव्या ठरल्या असत्या.

आणि तो सराव झाला की मॉडेलने चुकवलेली चित्रं एकेक करून डोळ्यांनी बघ. कुठे 4 आणि 9 मधला फरक तुलाही सांगता येणार नाही, कुठे मॉडेल उघडउघड फसलेलं असेल, आणि थोड्या ठिकाणी मॉडेल बरोबर आणि लेबलच, म्हणजे माणसाने चित्राला दिलेलं नावच, चुकलेलं असेल. हे शेवटचं ऐकून दचकू नकोस. इमेजनेट या चित्रांच्या मोठ्या डेटासेटमधल्या 50,000 चित्रांच्या व्हॅलिडेशन (पडताळणीच्या) संचात किमान 6 टक्के लेबलं चुकीची असल्याचं 2021 साली एका अभ्यासात दाखवलं गेलं. ज्या संचावर जगभरच्या मॉडेल्सची क्रमवारी ठरत होती, त्याची ही गोष्ट. तेव्हा अर्ध्या टक्क्याने पुढे गेल्याचा दावा कुठे वाचलास, तर तो अर्धा टक्का कशावर मोजलाय हे आधी बघ.

इमेजनेटबद्दल थोडं आणखी लिहिते, कारण त्याचा इतिहास वर्गात बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. 2012 साली अॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्या मॉडेलने चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत चुकीचं प्रमाण 15.3 टक्क्यांवर आणलं. दुसऱ्या क्रमांकाचं होतं 26.2 टक्के. डीप लर्निंगची, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कची, लाट तिथून उसळली. पण त्यातल्या मुख्य कल्पना जुन्याच होत्या. बॅकप्रोपगेशनचा (चूक थराथरांतून मागे नेत नेटवर्क सुधारायच्या पद्धतीचा) गाजलेला पेपर 1986 सालचा, आणि चित्राचे छोटे तुकडे तपासत जाणारं कन्व्होल्यूशनल नेटवर्क 1989 मध्येच हस्तलिखित अंक वाचत होतं. नवे होते ते जीपीयू (एकाच वेळी असंख्य हिशेब करणाऱ्या चिप्स), आणि 12 लाख लेबल लावलेली चित्रं. ती चित्रं फेई-फेई ली यांनी 2009 साली जगापुढे ठेवलेल्या संचातली. इंटरनेटवरून मोबदल्यावर काम करणाऱ्या हजारो अनोळखी माणसांनी एकेक चित्र बघून त्यांना नावं दिली होती. स्पर्धेच्या 1000 वर्गांपैकी सुमारे 120 नुसत्या कुत्र्यांच्या जाती होत्या, हेही लक्षात ठेव. यंत्राला काय बारकाईने दिसेल आणि काय ढोबळ, हे त्या यादीनेच अर्धंअधिक ठरवून टाकलं होतं.

आता मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण. 1990च्या दशकात न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला दाखल करायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवायला मदत म्हणून अमेरिकेत काही मॉडेल्स तयार केली गेली. सगळ्यात अचूक निघालं न्यूरल नेटवर्क. त्याच डेटावर नियम शोधणारं एक साधं मॉडेलही चालवलं होतं, आणि त्याने एक विचित्र नियम काढला: न्यूमोनियाच्या रुग्णाला दमा असेल तर त्याच्या मृत्यूचा धोका कमी. डॉक्टरांना हे उलटं आहे हे लगेच कळलं. दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत होते, म्हणून ती माणसं वाचत होती. डेटा खरा होता, नियमही डेटाशी जुळणारा होता. त्यावर विसंबून दम्याच्या रुग्णाला घरी पाठवलं असतं, तर तो दगावला असता. साध्या मॉडेलमधला नियम निदान वाचता आला. न्यूरल नेटवर्कनेही तेच शिकलं असणार आणि आणखी काय काय शिकलं असेल ते कोणाला दिसत नव्हतं, म्हणून सगळ्यात अचूक असूनही ते रुग्णांवर वापरायचं नाही असं ठरलं. संशोधक रिच करुआना यांनी 2015 साली हे सविस्तर लिहिलं आहे. तो पेपर शोधून वाच. अचूकतेचा आकडा चाचणी संचावर मोजतात, आणि चाचणी संच त्याच रुग्णालयांतून, त्याच पद्धतीने आलेला असतो. त्यामुळे ही चूक त्या आकड्यात कधीच दिसली नसती. सायली, हे मला तुझ्या मनात कायमचं रुजायला हवंय.

तसंच चेहऱ्यांचं. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त 0.8 टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांत 34.7 टक्क्यांपर्यंत. हे आधी का दिसलं नाही? तपासणीसाठी जे संच वापरले जात होते, त्यांत उजळ चेहरेच फार होते. या दोघींनी सहा देशांच्या संसद सदस्यांची छायाचित्रं घेऊन 1270 चेहऱ्यांचा समतोल संच स्वतः उभारला, आणि मग सरासरीच्या आड दडलेलं उघड झालं. यात नवं मॉडेल कुठेच नव्हतं. मास्टर्सच्या प्रबंधासाठी यापेक्षा चांगला आदर्श मला सुचत नाही.

गणिताबद्दल. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि कॅल्क्युलस या तिन्हींत तू पक्की हो, मग बाकीचं सोपं जातं. बॅकप्रोपगेशन म्हणजे कॅल्क्युलसचा साखळी नियम शिस्तीने लावत जाणं. दोन थरांचं छोटं नेटवर्क घे, त्याचे ग्रेडियंट (नेटवर्कमधला एकेक आकडा जरासा बदलला तर चूक किती बदलते ते) कागदावर काढ, मग कुठल्याही तयार लायब्ररीशिवाय पायथनमध्ये लिही आणि दोन्ही उत्तरं जुळवून बघ. हल्ली कोड लिहून देणारी साधनं हाताशी आहेत, आणि ती तू वापरशीलच, माझी ना नाही. फक्त शिकण्याच्या काळात आधी स्वतः लिही आणि मग त्यांना विचार. ज्याला स्वतःला उत्तर काढता येतं त्यालाच त्यांची चूक पकडता येते.

एक गोष्ट मला संख्याशास्त्राची म्हणून फार प्रिय आहे. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने 1913 साली पुश्किनच्या एका काव्यातली 20,000 अक्षरं घेतली आणि स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजनामागून स्वर किती वेळा, हे हाताने मोजलं. आधीच्या अक्षरावरून पुढच्याचा अंदाज बांधता येतो, हे त्याने आकड्यांत दाखवलं. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली तोच धागा पुढे नेला. आजची भाषेची मॉडेल्स पुढचा शब्दांश ओळखायला शिकतात, त्यांचं कूळ इथे आहे. अब्जावधी शब्दांवर चालणाऱ्या यंत्रांपुढे बसशील तेव्हाही अधूनमधून मार्कोव्हसारखी बस. शंभर वाक्यं उघड आणि स्वतः वाच. डेटात काय भरलंय हे सारांशाच्या तक्त्यातून जेवढं कळत नाही, तेवढं त्या शंभर वाक्यांतून कळतं.

विषय फार वेगाने बदलतोय, दोन वर्षांत शिकलेलं शिळं होईल, अशी भीती तू बोलून दाखवलीस. काही भाग होईलच. ट्रान्सफॉर्मर ही न्यूरल नेटवर्कची नवी रचना 2017 साली आली आणि त्याआधी भाषेसाठी जे शिकवत होते त्यातलं बरंच मागे पडलं. याआधी विषयच थंडावल्याचंही घडलंय. 1973 साली ब्रिटनमध्ये गणितज्ञ लाइटहिल यांच्या अहवालाने या विषयावर टीका केली आणि तिथलं संशोधनाचं पाठबळ आटलं, लोक दुसरीकडे वळले. अशा चढउतारांत लायब्रऱ्यांची नावं टिकत नाहीत. नमुना निवडताना झालेली चूक ओळखणं, कारण आणि योगायोग वेगळे करणं, दमा आणि अतिदक्षता विभागासारखा दडलेला दुवा शोधणं, हे मात्र 1973 मध्येही लागत होतं आणि तुझ्या निवृत्तीपर्यंत लागेल. वर्गातली काही मुलं तुझ्यापेक्षा जास्त कोड लिहून आलेली असतील. त्यांच्याकडून शिक. त्यांचा वेग बघून घाबरून मागे सरू नकोस.

प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावाच्या वजनापेक्षा त्यांना आठवड्याला तुझ्यासाठी वेळ आहे का, हे त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना विचार. प्रश्न लहान घे. आधी सगळ्यात साधं मॉडेल चालव, लॉजिस्टिक रिग्रेशनसारखं. कधीकधी तेच पुरतं, आणि तसं प्रामाणिकपणे लिहिण्यात कमीपणा नाही. चाचणीचा संच सुरुवातीलाच बाजूला काढ आणि शेवटी एकदाच उघड. निकाल वाईट आला म्हणून बदल करून पुन्हा मोजलास, की तो संच चाचणीचा राहत नाही. ही शिस्त कोणी बघत नसतानाही पाळ. आणि रात्रभर मॉडेल ट्रेन होत असेल तर तू जागी राहू नकोस. ते त्याचं काम करतं, तू झोप.

एक विनंती आहे. प्रबंधाचा विषय ठरला की मॉडेलची माहिती नंतर लिही, आधी डेटाबद्दल मोठं पत्र पाठव. कोणाकडून मिळाला, लेबलं कोणी लावली, त्यांना काय सूचना दिल्या होत्या, कोणत्या नोंदी रिकाम्या आहेत आणि तुला त्या रिकाम्या का वाटतात. मी प्रत्येक रकान्यावर प्रश्न विचारणार आहे, आणि तू चिडलीस तरी विचारणार आहे.

तुझी,
आई