गल्ला मोजून झाल्यावर

चिपळूण,
रविवार, रात्री दहा

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉईस मेसेज परवा दुकानात ऐकायला घेतला, समोर नळाचे वॉशर मागणारं गिऱ्हाईक उभं होतं म्हणून अर्ध्यात थांबवला, मग रात्री शटर ओढल्यावर पूर्ण ऐकला. दोनदा ऐकला. काका गेल्यावर तू रोज डायरी लिहायला घेतलीस, चौदा दिवस एक खाडा नाही, पंधराव्या दिवशी ड्युटी लांबली नि राहिलं, सोळाव्या दिवशी दोन दिवसांचं एकदम भरून काढायला बसलास तर एक ओळ सुचेना, आणि तिथून जे सुटलं ते सुटलंच. आणि शेवटी तू विचारलंस ना, की तू इतकी वर्षं रोज कसं लिहितोस रे, ते मला नीट सांगायचंय, फोनवर मध्येच रेंज जाते नि विषय भलतीकडे जातो म्हणून लिहूनच पाठवतोय. लांबलं तर लांबलं. शुक्रवारी सुट्टी असते तुला, तेव्हा निवांत वाच.

पहिली गोष्ट, मी लिहायला म्हणून वेगळा बसतच नाही. आमचा रोजमेळ तुला माहितीये, लहानपणी तू पण बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून सुट्टे मोजायचास. रात्री साडेआठला शटर अर्धं खाली, गल्ला उपडा करायचा, नोटा लावायच्या, चिल्लर मोजायची, दिवसाची विक्री, दिलेली उधारी, आलेली उधारी, हमालाचे, चहाचे, आणि शिल्लक जुळली की वही बंद. मी ती वही बंद केली की लगेच दुसरी उघडतो. पेन हातातच असतं. बस, एवढंच. २००८ ला लक्ष्मीपूजनासाठी वह्या आणल्या त्यात एक जास्त आली होती, ती मी ठेवून घेतली आणि तिथून सुरू झालं. दुकान बंद तर लिखाण पण बंद, ते मी चुकलं असं धरतच नाही.

आणि खरं म्हणजे ही सवय बाबांची. त्यांना डायरी लिही असं कोणी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते मला काय येतंय लिहायला, पण त्यांच्या रोजमेळाच्या कडेला, आकड्यांच्या बाजूला जी बोटभर जागा असते ना, तिथे बारीक अक्षरात काही ना काही असायचंच. 'पाऊस सुरू. ताडपत्री संपली.' 'लाईट नाही, मेणबत्तीवर हिशोब.' 'खेर्डीचा सुतार आला, मुलगी पास, पेढे दिले.' चार शब्द, फार तर सहा. पण त्या 'ताडपत्री संपली' वरून मला अजून सगळं दिसतं, जूनचे पहिले दिवस, अंगणात लाकडं झाकायची घाई, बाबा शर्टाच्या बाह्या दुमडून रोल कापतायत, आणि संध्याकाळी कापायला काही उरलंच नाही म्हणून दारात उभे राहून पाऊस बघतायत. त्यांनी 'आज मन प्रसन्न होतं' असं लिहिलं असतं तर मला यातलं काहीच दिसलं नसतं रे.

तुझं जे म्हणणं आहे की लिहिण्यासारखं रोज घडतच नाही, कॅम्प ते साईट, साईट ते कॅम्प, तर त्याला माझं हे उत्तर आहे. तू विषय शोधतोस. विषय शोधायला लागलं की आठवड्यात एकदाच मिळतो आणि मग बाकीचे सहा दिवस आपोआप रिकामे जातात. मी वस्तू लिहितो. कोणी काय मागितलं, काय नव्हतं, कोण किती वेळ थांबलं, आईने डब्यात काय दिलं. परवाचं सांगतो, एक म्हातारे गृहस्थ जुनी पितळेची कडी कागदात गुंडाळून घेऊन आले, हिच्यासारखीच पाहिजे म्हणाले, आता तशी येत नाही, मी स्टीलच्या दाखवल्या, ते त्या हातात घेऊन वाजवून बघत होते, एकेक, आणि म्हणाले आवाज तो नाही. मग जुनीच परत गुंडाळून घेऊन गेले. मी तेवढंच लिहिलं. पण ते लिहिताना मला त्यांचं ते कडी कानाजवळ धरणं परत दिसलं, आणि लिहिलं नसतं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ते विसरलो असतो हे मला शंभर टक्के माहितीये.

आपल्या कोकणातलेच गोडसे भटजी बघ, पेणजवळच्या वरसईचे. १८५७ ला दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि हे सगळं लिहून काढलं कधी, तर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, छापून यायला तर १९०७ उजाडलं. तू म्हणतोस ना की जरा सगळं शांत झालं की लिहीन, तेव्हा मला नेहमी ते आठवतात. त्यांना जमलं, कारण झाशी पंचवीस वर्षं काय, जन्मभर विसरता येणार नाही अशीच होती. आपल्याकडे झाशी नाही. आपल्याकडे जे आहे ते रोजचं आहे, आणि रोजचं पंचवीस दिवस पण टिकत नाही डोक्यात.

आता पुराचं. हे मी तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. २२ जुलै २०२१, गुरुवार, पहाटेच वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. २००५ ला जिथवर आलं होतं त्या खुणेच्या हिशोबाने बाबांनी फळ्या वर घेतलेल्या, ती खूण कधी गेली पाण्याखाली कळलं पण नाही. माल गेला त्याचं तुला माहितीये. पण माझ्या अकरा वह्या काऊंटरच्या खालच्या कप्प्यात होत्या. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा पोटरीपर्यंत गाळ, खिळ्यांची खोकी फुटून सगळीकडे खिळे, आणि तो कप्पा म्हणजे चिखलाची एकच वीट झालेली. ती वीट मी तशीच गोणपाटात घेऊन सावर्ड्याला मावशीकडे गेलो, तिथे आई-बाबांना ठेवलं होतं. मावशीच्या ओटीवर पंखा लावून एकेक पान सोडवायचं, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा, रोज कागद बदलायचा. गावात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, १८६४ पासूनच्या वाचनालयाची, पुस्तकं भिजली होती, तिथे लोक हेच करत होते, आणि मी माझ्या फालतू वह्यांवर पंधरा दिवस घालवतोय याची तेव्हा लाज वाटायची. आज वाटत नाही.

कारण त्यातून जे कळलं ते सांगतो. जेल पेनने लिहिलेलं सगळं गेलं. मधली काही वर्षं मी हौसेने जेल पेन वापरत होतो, अक्षर छान येतं म्हणून, ती पानं नुसती फिकट निळी झाली होती, आभाळासारखी, एक अक्षर नाही. आणि साध्या बॉलपेनने लिहिलेलं जवळजवळ जसंच्या तसं. कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या, पण अक्षर जागच्या जागी. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही. अकरातल्या चार वाचल्या. तेव्हापासून मी बॉलपेन सोडलं नाही आणि महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवतो.

आणि एक झालं तिथे. पानं दोरीवर चिमट्यांनी लावली होती, सगळं उघडं, येणारा जाणारा वाचेल असं. मी इतकी वर्षं कोणाला दाखवलं नव्हतं. एका दुपारी आई दोरीपाशी उभी होती, चष्मा लावून. ते पान मला लांबूनच ओळखता आलं, त्यात मी बाबांवर भयंकर चिडून लिहिलं होतं, उधारीवरून, फार वाईट शब्द होते. तिने पूर्ण वाचलं. मग चिमटा काढला, पान उलटं केलं, परत चिमटा लावला, म्हणजे दुसरी बाजू वाळेल. काही बोलली नाही, आत जाऊन तिने चहा टाकला. नंतर पण कधी बोलली नाही. त्या दिवसापासून मी कोणाबद्दल रागाने लिहिताना एक करतो, त्या माणसाने त्या दिवशी केलेली एक दुसरी गोष्ट पण लिहितो, काहीही, अगदी त्याने पंखा बंद केला एवढं जरी असलं तरी. लिहायचं मात्र सोडत नाही, राग पण खराच असतो ना.

आता तुझ्या त्या सोळाव्या दिवसाचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली म्हणून संशोधक होत्या, त्यांनी ९६ लोकांना रोज एकच छोटी गोष्ट, ठरलेल्या वेळेला जोडून, ८४ दिवस करायला लावली होती, म्हणजे नाश्ता झाला की ग्लासभर पाणी अशी. २०१० च्या सुमारास छापून आलंय ते. तर ती गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, पण कोणाला १८ तर कोणाचा हिशोब थेट २५४ पर्यंत. लोक २१ दिवस २१ दिवस करतात तसं काही नाही. आणि मधला एखादा दिवस चुकला तर त्याने विशेष फरक पडला नाही. म्हणजे तुझं पंधराव्या दिवशी काही बिघडलं नव्हतं रे. बिघडलं ते सोळाव्या दिवशी, मागची बाकी फेडायला बसलास तिथे. रोजमेळात पण कालचा दिवस आज लिहीत नाहीत, कालची शिल्लक पुढे ओढायची आणि आजचं सुरू करायचं. मी गेला तो दिवस कोरा सोडतो. तारीख टाकतो आणि खाली काही नाही. बाबांना ॲडमिट केलं होतं तेव्हाची सलग नऊ पानं तशी आहेत, नुसत्या तारखा. मला त्या पण वाचता येतात.

तू वेळ बदल एवढंच सांगेन. रात्री झोपताना नको, तू दमलेला असतोस. साईटवरून आल्यावर बूट काढतोस ना, ते काढले की तिथेच बाकावर बसून, आत जायच्या आधी. चार ओळी. मोबाईलवर बोलून टाईप केलंस तरी चालेल, पण मराठीतच कर, काकांशी तू मराठीतच बोलायचास.

आणि तू मेसेजमध्ये जाता जाता बोलून गेलास, की काका जुना बल्ब कचऱ्यात टाकायच्या आधी कानाशी धरून हलवायचे, आतली तार वाजते का बघायला, आणि मग म्हणालास जाऊ दे, यात काय लिहायचं. मी त्याच रात्री लिहून ठेवलंय ते माझ्या वहीत. पण माझ्याकडे तीनच ओळी झाल्या, कारण ते कुठे उभे राहून हलवायचे, कुठल्या कानाशी, वाजली तर काय म्हणायचे, हे मला माहीत नाही. ते तुलाच माहितीये. उद्या बूट काढलेस की एवढंच लिही आणि मला पाठव, खाली मी दोन बोटं जागा मोकळी ठेवलीये.

आईने तुझ्यासाठी आमसुलं वाळवून ठेवलीयेत, मे मध्ये येशील तेव्हा ने.

तुझाच,
बाळ्या