मुकुट दिसत नाही म्हणाला, त्या संध्याकाळचे आभार

काका, सा. न.

चवथ जवळ आली की माती आणि रंगाच्या डब्यांपलीकडे तुम्हाला काही सुचत नाही, हे अख्खा वाडा जाणतो. म्हणून गेल्या वर्षी चवथीला दहा दिवस असताना तुमची स्कूटर आमच्या अंगणात थांबली तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, आमचा गणपती भंगला.

तुम्ही खुर्चीवर टेकलासुद्धा नाहीत. "पोर सारखा तोंडासमोरची चिलटं हाकलतो, पण ओल्या रंगावर एक चिलट चिकटलेलं नाही," म्हणालात. मूर्ती सरळ बसलीय का ते तुम्ही तुमच्याकडे रंगवायला बसणाऱ्या मुलांना एक डोळा मिटून बघायला लावता. आमच्या पोराने उजवा मिटला आणि म्हणाला, "काका, मुकुट दिसत नाही."

मी आई. रोज ताटासमोर बसवते त्याला, आणि मला पत्ता नाही! 11 वर्षांचा मुलगा, उणे 11 चा चष्मा. नंबर वाढला असेल, म्हटलं मी. तुम्ही चिडलातच. "नंबर वाढला तर सगळंच धूसर होईल, अर्धंच कसं जाईल? भुरग्याक फाल्यांच व्हर." पोराला उद्याच डॉक्टरकडे ने, म्हणजे.

दुसऱ्या दिवशी पणजी. थेंब घालून डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवलं, मग डॉक्टर कपाळाला दिवा लावून किती तरी वेळ "वर बघ, खाली बघ" करत राहिले. नंतर कागदावर काढून दाखवलं. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब. ह्याचा आत्ताच 28. डोळा लांबला की आतला पडदा ताणून विरतो, जुन्या लुगड्यासारखा. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला बारीक भोकं पडली होती, त्यातून पाणी मागे शिरून पडदा भिंतीपासून सुटत चालला होता. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून खालचा पडदा सुटला की वरचं जातं. आधी मुकुट गेला तो असा. चिलटं म्हणजे डोळ्यातल्या पाण्यात तरंगणारे ठिपके. दुखत काहीच नाही, आणि चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो, म्हणून मुलं बोलत नाहीत. मधला भाग, मॅक्युला, ज्याने बारीकसारीक नीट दिसतं, तो अजून चिकटलेला होता. तो सुटायच्या आत पोचलो.

आम्ही दरवर्षी चष्म्याच्या दुकानात जायचो, मशीनवर नंबर काढायचा, नवी काच बसवायची. थेंब घालून मागचा पडदा तपासायचा असतो, हे तिथे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, ते जास्त खुपतं.

दोन दिवसांत ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. भोकं गोठवून बंद केली आणि डोळ्याला बाहेरून सिलिकॉनची पट्टी आवळली. उजव्या डोळ्यातही विरलेल्या जागा सापडल्या, त्यांच्याभोवती लेसर केलं.

चवथीच्या दिवशी मी त्याला माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या मांडवीखाली, उभा केला, उजव्या डोळ्यावर माझा तळहात धरला आणि विचारलं, वर काय काय आहे? डोळा लालभडक, पाणी गळतंय. तो हळूहळू म्हणाला, "नारळ. काकडी. ते कवंडळ... दोन." तीन होती. पण मला दोन पुरे होती, काका. मी स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण नारळ खवत बसले.

पट्टीमुळे त्या डोळ्याचा नंबर थोडा वाढलाय. कबड्डी बंद, त्यावरून घरात रोज भांडण. धाकटीलाही उणे 4 आहे. तिचाही पडदा दाखवून आणला.

तुम्ही त्याच्या वाटणीचा उंदीर तसाच न रंगवता पाटावर ठेवून पाठवलात, तो अजून देव्हाऱ्याजवळ आहे. आम्ही तेवढाच विसर्जनातून मागे ठेवला. भटजींनी कपाळाला आठ्या घातल्या, घालू देत.

या वर्षीचा पाट घेऊन रविवारी येतोय. पोर कामाला बसणार म्हणतो, बसवा. फक्त पुढच्या गुरुवारी त्याची तपासणी आहे, त्या दिवशी ब्रश हातात देऊ नका. थेंबांनी जवळचं दिसत नाही. उंदराची शेपटी सरळ मोदकावर काढील.

तुमची,
पोराची आई