दुधाच्या डब्यांविषयी

चिपळूण,
२ ऑगस्ट २०२१

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोन मध्येच तुटला आणि माझे "पाठवू नका" एवढेच तुमच्यापर्यंत पोहोचले, म्हणून गुहागरला येणाऱ्या गाडीबरोबर हे पत्र देत आहे. वाडीने वर्गणी काढून तान्ह्या मुलांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या घेण्याचे ठरवले, त्यामागची माया मला कळते. पण बाबा, ते पैसे त्यावर खर्च होऊ देऊ नका.

२२ जुलैच्या पुराचे पाणी विहिरींत शिरले आहे, आणि जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकल्यावरही ते उकळल्याशिवाय बाळाला देता येत नाही. शाळेतल्या निवाऱ्यात एकाच शेगडीवर सगळ्यांचा स्वयंपाक होतो. तिथे रात्री दोनदा उठून बाटली उकळणार कोण? अस्वच्छ बाटलीने जुलाब लागले, तर तान्हे मूल एका दिवसात सुकते. १९९२ च्या कायद्यानेही असे डबे आणि बाटल्या अनाथालयाखेरीज कोणाला दान करण्यास मनाई आहे. (कायद्याचे नाव काढले की बाबांना पटते, म्हणून मुद्दाम लिहिले.)

परवा एक बाळंतीण दूध आटले म्हणून रडत होती. भीतीने पान्हा काही वेळ अडतो, परंतु बाळ जितके ओढेल तितके दूध पुन्हा येते. म्हणून आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात साडीचा आडोसा केला, तिला पोटभर जेवू घातले आणि बाळ सतत तिच्या अंगाशी ठेवले. आज त्याचे लंगोट पुन्हा वरचेवर ओले होत आहेत. ज्या बाळाची आईच जवळ नाही त्याला पावडरीचे दूध लागतेच, पण ते आरोग्य केंद्राच्या देखरेखीखाली, वाटी-चमच्याने.

वर्गणीतून झाकणाची पातेली, सॅनिटरी पॅड आणि बायकांचे आतले कपडे घ्यावेत. या वस्तू कोणी तोंडाने मागत नाही, आणि मदतीच्या ट्रकमध्ये त्या क्वचितच असतात. लंगोटांसाठी जुनी, धुतलेली सुती लुगडी चालतील. सहा महिन्यांवरच्या मुलांसाठी नाचणीचे पीठ द्यावे.

आई, तुझे अळिवाचे लाडू मात्र नक्की हवेत, कारण इथल्या दुकानांत अजून गाळच आहे. स्टीलच्या डब्यात भरून दे. तो डबा परत मिळणार नाही, हे आधीच सांगते.

तुमची लेक