सूनबाईच्या उलट्या आणि बाळाची साखर

दांडिया बाजार, वडोदरा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

उलट्या सगळ्याच गरोदर बायकांना होतात, मग सूनबाईला दवाखान्यात ठेवण्याइतके काय झाले, असे तू काल फोनवर विचारलेस. दहांतील सात-आठ जणींना मळमळ होते हे खरे. परंतु सूनबाईच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हते, तिचे वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले होते आणि लघवीत कीटोन आढळले, म्हणजे तिचे शरीर स्वतःची चरबी जाळून दिवस काढत होते. ‘डोहाळे कडक आहेत, मुलगाच होणार’ असे म्हणून शेजारच्या काकू विषय संपवतात, ते मला सहन होत नाही. गर्भ आणि वार यांतून येणारे जीडीएफ१५ नावाचे संप्रेरक या त्रासामागे असते, आणि ज्या स्त्रीच्या अंगात ते आधीपासून कमी असते तिला ते अधिक बाधते, हे २०२३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे. तेव्हा हे तिचे नाजूकपण आहे असे तू चुकूनही म्हणू नकोस.

मला अधिक काळजी बाळाची आहे. आईच्या पोटात असतानाच उपासमार झाली, तर बाळाचे शरीर टंचाईत जगण्याची सवय लावून घेते, आणि पुढे अन्न मुबलक मिळू लागले की तीच सवय त्याला जड जाते. हॉलंडमधील १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांमध्ये मोठेपणी रक्तातील साखर नीट न हाताळली जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनी दाखवले की आपल्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळांहून पुष्कळ हलकी, तरीही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते. उणीव राहते ती मुख्यतः स्नायूंची. अशा तीव्र उलट्या झालेल्या मातांची मुले न्यूझीलंडमधील ऑकलंडमध्ये तपासली, तेव्हा त्यांचे शरीर रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला कमी प्रतिसाद देते असे २०१३ मध्ये दिसले. तो गट लहान होता, म्हणून त्यावरून आपल्या बाळाचे भविष्य कोणी सांगू नये. सावध मात्र राहावे.

येथील डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी१ जीवनसत्त्व दिले, कारण उपाशी शरीराला ते न देता साखर दिली तर मेंदूला इजा होऊ शकते. उलट्यांवरची डॉक्सिलामाइन आणि बी६ ची गोळी सुरू आहे आणि काल तिने थोडी पेज पोटात ठेवली. औषधाने बाळाला अपाय होईल या भीतीने ती गोळी टाळू पाहते; तिला तू समजाव, माझ्यापेक्षा तुझे ती ऐकेल.

प्रसूतीच्या वेळी हा सारा इतिहास बालरोगतज्ज्ञांना सांगायचा आहे. बाळ अडीच किलोहून कमी भरले, तर त्याच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो आणि पहिल्या दिवसांत साखर एकाएकी उतरू शकते. म्हणून पहिल्या तासातच आईचे दूध आणि टाचेतून रक्त घेऊन साखरेची तपासणी, हे आपण आग्रहाने मागू. पुढे ते हडकुळे दिसले तरी त्याला गुटगुटीत करण्यासाठी वरचे दूध आणि साखर भरवण्याचा हट्ट या घरात कोणी करणार नाही, तुझी आत्यासुद्धा नाही. झपाट्याने वाढलेले वजन अशा मुलांना पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते.

शनिवारी सोनोग्राफी आहे. रजा काढून ये, आणि तिच्या आधीच्या तपासण्यांचे कागद तुझ्या कपाटात आहेत ते घेऊन ये.

तुझी आई